काटकसर माणसाची की भट्टीची?

प्रश्न : अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाविषयी केलेल्या विवेचनाचा मी अनुवाद करत आहे. स्कॉटलंडमध्ये टनभर लोखंडामागे लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाला, तरी १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दहापटीने वाढला, असे ते दाखवतात. मी लिहिले, ‘कोळशाची काटकसर झाली की खप वाढतो.’ मुद्रितशोधकांनी समासात विचारले, ‘काटकसर करणारा खप कसा वाढवील?’ येथे कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद : आक्षेप रास्त आहे. माझी आजी रेशनचे रॉकेल महिनाभर पुरवत असे. काचेवर काजळी धरणार नाही इतकी कंदिलाची वात ती खाली ठेवी आणि पाने उचलली की दिवा मालवी. काटकसर आजीची होती, कंदिलाची नव्हे. भट्टीसाठी ‘कार्यक्षमता’ म्हणावे.

प्रतिसाद : ‘कार्यक्षमता’ कर्मचाऱ्यांच्या अहवालात ठीक आहे. कमी इंधनात तेवढेच काम, यासाठी ‘किफायत’ हा रुळलेला शब्द असताना तो का टाळावा?

प्रतिसाद : कारण तो अरबी आहे, आणि मुळात त्याचा अर्थ ‘पुरेसे असणे’ असा आहे. जेव्हन्स यांचा मुद्दा तर कोळसा कधीच पुरेसा होत नाही, असा आहे.

प्रतिसाद : काटकसरीतली ‘कसर’सुद्धा मला अरबी ‘कस्र’, म्हणजे तूट किंवा अपूर्णांक, यावरूनच आलेली वाटते. कूळ पाहून शब्द वगळायचे ठरवले, तर मूळ प्रश्नातला शब्दही जाईल.

प्रतिसाद : कुळापेक्षा व्यवहार पाहू. आमच्या पडवीत ६० वॅटचा दिवा रोज तीन तास जळत असे, म्हणजे १८० वॅट-तास. आता ९ वॅटचा एलईडी बारा तास जळतो, तरी १०८च होतात. तास तेवढेच राहते, तर २७ झाले असते. बचत निम्म्याहून अधिक गेली, पण खप वाढला नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी जेव्हन्स यांचे नाव घेऊ नये. अशा वेळी ‘बचतीतली गळती’ म्हणावे.

प्रतिसाद : हिशेब मान्य, ‘गळती’ अमान्य. गळती नकळत होते. आमच्याकडेही दिवा रात्रभर असतो, पण तो आम्ही जाणूनबुजून ठेवतो, कारण व्यायला झालेल्या म्हशीकडे आईला रात्रीतून दोनदा गोठ्यात जावे लागते आणि पूर्वी ती अंधारात चाचपडत जात असे.