विषय: फिनलंडात युहान्नुसला (उन्हाळ्याच्या मोठ्या सणाला) म्योक्कीवर (सुट्टीतल्या घरी) बोलावलंय, काय काय न्यावं?

८ जून, तांपेरेहून

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑक्टोबरात साताऱ्याहून इथे आलो. पहिला हिवाळा कसाबसा काढला. बर्फ वितळायला लागला आणि शेजारपाजार जणू नव्याने भेटला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी बेल वाजली, बघते तर दोन चिमुरड्या. डोक्याला रुमाल, गालांवर ठिपके, हातात लवदार कळ्यांच्या विलोच्या फांद्या आणि त्यांना बांधलेली रंगीत पिसं. 'विर्वोन वार्वोन' असं काही गुणगुणत एकीने फांदी माझ्या हातात दिली आणि टोपली पुढे केली. घरात चॉकलेट नव्हतं, शेंगदाण्याची चिक्की दिली.

मग वाप्पु, इथला वसंताचा सण. १ मे, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, म्हणून लेकीला फेटा बांधून ताम्मेरकोस्की नदीच्या काठावर नेलं. तंत्रशाखेच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यातून त्या गार पाण्यात बुचकळत होते. विशीतल्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कितीतरी जणांच्या डोक्यावर शाळा संपल्याची पांढरी टोपी. त्या गर्दीत लेकीचा फेटाही खपून गेला. एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालणारे शेजारी 'हाउस्का वाप्पुआ' म्हणाले आणि घरी केलेली सिमा, म्हणजे लिंबू-साखरेचं आंबवलेलं पेय, पाजली. बाटलीतले बेदाणे वर तरंगले की सिमा तयार, हेही सांगितलं.

त्याच जोडप्याने आता युहान्नुसला रुओवेसीजवळच्या त्यांच्या म्योक्कीवर बोलावलं आहे, दोन रात्री. आम्ही शाकाहारी. सौनाची, त्या वाफेच्या गरम खोलीची, मला खरोखर धास्ती वाटते. कोणी सांगेल का?

९ जून, एस्पोहून

अगं, जरूर जा. इथे म्योक्कीवर बोलावणं म्हणजे घरातलं माणूस मानणं.

मी २००९ साली आले. पहिल्या युहान्नुसला आम्ही घरीच राहिलो. शुक्रवारी दुपारनंतर पार्किंग ओस, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाप्पुला ज्या गर्दीने जवळ घेतलं ती न सांगता निघून गेली असं वाटून मी खिडकीत बसून रडले होते. मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

पूर्वी हा सण २४ जूनला असायचा, १९५५ पासून २० ते २६ जूनच्या मधल्या शनिवारी असतो. खरी मजा आदल्या संध्याकाळची. सहा वाजता झेंडा चढवतात, तो रात्रभर फडकतो आणि शनिवारी रात्री नऊला उतरवतात. दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं तोडून उभी करतात, आपण मांडवाच्या दाराशी केळीचे खुंट बांधतो तसे.

चादरी, अभ्रे, टॉवेल आपापले न्यायचे, ही इथली रीत. लोकरीचे मोजे आणि डासांचं औषध विसरू नकोस. सूर्य अकरानंतर मावळतो आणि चारच्या आत पुन्हा वर येतो, मधेही काळोख असा होतच नाही. लेकीला डोळ्यांवर बांधायला गडद रुमाल ने. संडास बहुधा झाडीत वेगळा असतो, हूस्सी म्हणतात. त्यात पाणी ओतायचं नाही, डब्यातला भुसा टाकायचा. हे पोरीला घरीच समजावून ठेव.

शाकाहाराचं आत्ताच सांगून टाक. उपाशी राहणार नाहीस. नवे बटाटे शेपू घालून उकडतात, वर लोणी. तो वास आला की मला अजून आईची ओसरी आठवते. भाजणी ने आणि तिथे थालीपीठ लाव. राय धान्याच्या काळ्या पावावर वाढलेली माणसं आहेत, त्यांना ती चव परकी वाटत नाही.

सौनाचं म्हणशील तर सुमारे ५६ लाख लोकांच्या या देशात जवळपास ३० लाख सौना आहेत, इतकी ती रोजची गोष्ट. आत कपडे घालत नाहीत, पण टॉवेल गुंडाळलास तर कोणी काही म्हणणार नाही. पाहुणे असले की बायकांची सौनाची वेळ बहुधा वेगळी ठेवतात, तरी आधी विचार. लेकीला घेऊन खालच्या फळीवर बस, वर फार तापतं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की उठते ती वाफ म्हणजे लोयल्यू. ती अंगावर आली की श्वास रोखू नकोस.

आणि जेवणं झाली की सगळे तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर जाऊन बसतील, बोलणार कोणी नाही. आपल्याला वाटतं, काही चुकलं का? माझ्या दुसऱ्या युहान्नुसला यजमानीणबाईंनी लाकडी फळीवर हात थोपटून मला शेजारी जागा दाखवली. तासभर बसलो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, उठताना स्वतःची शाल माझ्या खांद्यांवर टाकून गेल्या. पुढची अकरा वर्षं मी त्याच फळीवर बसले.

९ जून, कुओपिओहून

वहिनी, काकूंनी सगळं लिहिलंच आहे. दोनच गोष्टी. होडीत लाइफ जॅकेटशिवाय बसू नका, लेकीला पाण्याशी क्षणभरही एकटं सोडू नका. दर युहान्नुसला बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात दारूचा वाटा मोठा असतो. दुसरं, काठावरची मोठी शेकोटी, कोक्को, वणव्याचा इशारा असला तर पेटवत नाहीत. 'होळी बघायला मिळेल' असं पोरीला आधी कबूल करू नका.

सौनात अंगावर हलके मारायची बर्चची जुडी असते, तुमच्या बाजूला विहता, आमच्या पूर्वेकडे वास्ता. ती स्वतः तोडायला जाऊ नका. रानातली ब्लूबेरी कोणीही खुडावी, फांदी मात्र जमीनमालकाला विचारूनच.

२३ जून, तांपेरेहून

काकू, दादा, सुखरूप परत आलो.

शुक्रवारी दिवसभर पाऊस होता. रात्री साडेदहाला उघडीप मिळाली आणि कोक्को पेटला. लेकीने सवयीने बोंब ठोकली. सगळे वळून बघायला लागले तशी मी कानकोंडी झाले, पण घरातल्या आजोबांनी ती कशी मारायची हे तिच्याकडून शिकून घेतलं. मग तळ्यापलीकडून त्यांचाच आवाज परत ऐकू आला.

सौनातून निघून मी तळ्यात उतरले, गळ्यापर्यंत. मला पोहता येत नाही, त्यामुळे शिडी सोडली नाही. धास्ती तिथेच गेली.

युहान्नुसच्या रात्री सात फुलं उशीखाली ठेवायची इथली रीत आहे, ती तोडताना बोलायचं नसतं. आमची बडबडी अर्धा तास ओठ मिटून कुरणात फिरली. खरं म्हणजे स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणतात. सकाळी म्हणाली, साताऱ्याची आजी आली होती.

मग धक्क्यावर जाऊन बसलो. काकू, मी काहीच बोलले नाही. खूप वेळ बसले.

निघताना त्यांनी दोन विहता बांधून दिल्या. आमच्या इमारतीत दर गुरुवारी आमची सौनाची पाळी असते, तिथे वापरीन. एक पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवायची आहे. वाळवू का?

२३ जून, एस्पोहून

वाळवू नकोस, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेव. लागेल तेव्हा कोमट पाण्यात भिजव, पानं हिरवीच निघतात.