आरोग्याची व्याख्या: वैद्यक आणि समाजशास्त्र यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या घटनेनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था. सामाजिक बाजू व्याख्येतच असेल, तर दोन्ही शास्त्रांत फरक उरतो कुठे?

प्रतिसाद १: व्याख्या एक असली तरी विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. बाईचे हिमोग्लोबिन ८ आले की डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात, आणि ते योग्यच आहे. समाजशास्त्रज्ञ मात्र घरातल्या सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तिच्या ताटात काय पडते, हे विचारतो. (‘परिपूर्ण’ हा शब्द मला खटकतो, गोळ्या घेऊन शेत सांभाळणारा मधुमेही मग कायमचा आजारीच ठरतो.)

प्रतिसाद २: आरोग्य ठरवणारे सामाजिक घटक, म्हणजेच ‘सामाजिक निर्धारक’, म्हणजे फक्त गरिबी, असे मात्र समजू नये. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सगळेच पगारदार होते, तरीही हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले; धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात धरूनही ही उतरंड पुरती नाहीशी झाली नाही.

प्रतिसाद ३: आपल्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा औषधांइतकेच लक्ष पिण्याचे पाणी, पोषण आणि जातिभेद यांकडे दिले, आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दोघेही डॉक्टरच होते, हे विशेष.