जुनी पिकअप सकाळी चालू होत नाही, स्लोला थरथरते. पंप उतरवू का?

केळीपट्टा_रावेर:
राम राम मंडळी. गाडी 2008 ची डिझेल पिकअप, चार सिलिंडर, जुना रोटरी पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा), कॉम्प्युटर वगैरे काही नाही. वावरातून केळीचे घड भरून सावद्याकडे न्यायचे एवढंच काम, पण रोजचं. महिनाभरापासून सकाळी पाच वाजता सेल्फ मारला की नुसती फिरत राहते, पहिले तीन-चार सेल धूरच नाही, मग एकदम पांढरा धूर सोडते आणि रडत रडत चालू होते, त्यानंतरही स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, अशी थरथरते की आरसा हलून मागचं काही दिसत नाही. दुपारी गरम असताना अर्ध्या सेलमध्ये चालू. मिस्त्रीने स्लोचा स्क्रू वाढवून दिला आणि म्हणाला पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) सगळं उतरवावं लागेल, खर्च अठरा हजारांच्या घरात सांगितला. कापणी तोंडावर आहे, माणसं पाचला येऊन उभी राहतात आणि मी बॉनेट उघडून बसलेलो असतो, फार वाईट वाटतं. पंप खोलू का आधी दुसरं काही बघू?

जळगावचा_भाचा:
भाऊ आधी बॅटरी बघा. माझीही अशीच करायची, नवीन टाकली की ठीक झाली.

केळीपट्टा_रावेर:
बॅटरी दिवाळीत बदललीय दादा. सेल्फ जोरात फिरतो.

पारोळा_डिझेल:
सेल्फ जोरात फिरतो हे नुसतं बघून नका ठरवू, मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 च्या आसपास व्होल्ट पाहिजे आणि सेल मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. बॅटरी नवीन असली तरी इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी गंजलेली असली की सेल्फ मंद फिरतो, आणि डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापली तरच डिझेल पेटतं, सेल्फ मंद पडला की ती तापतच नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर पंप वाचवायच्या नादात सेल्फ जाळाल.

पण तुमच्या सांगण्यातली खरी गोष्ट दुसरीच आहे. पहिले तीन-चार सेल धूर नाही. धूर नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाहीये. डिझेल पोचतंय पण पेटत नाही असं असतं तर पहिल्या सेलपासून पांढरा धूर आला असता. रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतंय आणि लाईनमध्ये हवा भरतेय, असा माझा अंदाज. एक सांगा, गाडी रात्री उभी कुठे करता, चढाला का उताराला?

केळीपट्टा_रावेर:
घरासमोर चढ आहे, नाक वर असतं. आणि आता तुम्ही विचारल्यावर आठवलं, मागच्या आठवड्यात दोन रात्री गाडी वावरातच राहिली, तिथे नाक उताराला होतं आणि सकाळी पहिल्याच सेलला चालू झाली! मी म्हटलं त्या दिवशी थंडी कमी असेल.

पारोळा_डिझेल:
थंडी नाही भाऊ. नाक खाली म्हणजे टाकी पंपाच्या वर, डिझेल मागे पळालं नाही. आमच्याकडे एक म्हातारे फिटर म्हणायचे, "पयले हवा देख, मंग पंपले हात लाव." पंप उतरवू नका. उद्या सकाळी सेल मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग सेल मारा. लगेच चालू झाली तर हवाच आहे.

मग फिल्टर ते पंप या मधल्या पाईपच्या जागी हातभर पारदर्शक पाईप बसवा, डिझेलला चालणारा, आणि गाडी चालू असताना बुडबुडे बघा. एक गोष्ट फार जण चुकतात, ते बाहेर डिझेल गळतंय का बघतात. रोटरी पंप टाकीपासून डिझेल स्वतः ओढून घेतो, त्या सगळ्या लाईनमध्ये ओढ असते, फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लाईन वरून कोरडी दिसते आणि माणूस फसतो. टाकीपासूनचे रबरी पाईप, फिल्टरच्या बँजोचे (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, फिल्टरची रबरी रिंग, नोझलवरचे ओव्हरफ्लोचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) बारीक पाईप, सगळं बघा. वॉशर जुनेच परत लावले असतील तर ते हमखास हवा घेतात.

शहादेकर:
माझ्या गाडीला हीटर प्लग (चालू करताना सिलिंडर तापवणारे) गेले होते, तीच लक्षणं. बसबार (सगळे हीटर जोडणारी पट्टी) काढून टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका हीटरच्या टोकाला लावा, दिवा लागला तर हीटर शाबूत, नाही लागला तर गेला. चारपैकी दोन मेलेले निघाले होते. आणि ते स्प्रे मारून गाडी चालू करणं अजिबात करू नका, हीटर तापलेला असताना मारला तर भडका आत न होता बाहेर होतो, आमच्या इथल्या एकाचा इनटेकचा पाईप फाटला.

केळीपट्टा_रावेर:
दादा, हातपंप दाबला आणि पहिल्या सेलला चालू!! पंधरा वर्षांत त्या हातपंपाला मी हात लावला नव्हता. पारदर्शक पाईप लावला तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. मग चेसिसखाली झोपून पाईपवरून बोट फिरवत गेलो, टाकीजवळ रबरी पाईप लोखंडी पाईपवर चढतो तिथे क्लिप इतकी आवळलेली की तिच्या कडेने रबर चिरलेलं, वाकवलं तेव्हाच चीर दिसली, एरवी काळं मिट्ट आणि कोरडं. उन्हाळ्यात पंचेचाळीसचं ऊन खाऊन रबर लाकडासारखं झालेलं. दोन्ही पाईप आणि बँजोचे वॉशर बदलले, साडेतीनशे रुपये गेले. हीटरही तपासले, चारही चांगले.

आता चालू होते झटक्यात. पण थरथर राहिलीच आहे, थोडी कमी झाली एवढंच.

पारोळा_डिझेल:
शाब्बास भाऊ. आता स्लोचा स्क्रू आधी होता तिथे परत आणा, त्याने दोष झाकला जातो. गाडी स्लोला चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट अर्धा फेरा सैल करा. सैल केल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर तोच आजारी. डोळ्याला चष्मा लावा, नटावर फडकं धरा, डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात आणू नका, दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपावर. कॉमन रेलच्या (नव्या, कॉम्प्युटरवाल्या डिझेल) गाडीला नट सैल करायचाच नाही, वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

आजारी सिलिंडर सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा, खालचे वॉशर नवीन टाकून. आजार नोझलबरोबर सरकला तर नोझल. तिथेच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं).

केळीपट्टा_रावेर:
तिसऱ्या नंबरला काहीच फरक नव्हता. नोझल दुसऱ्याला लावलं तर लंगडेपणा दुसऱ्याला गेला. ते एकच घेऊन भुसावळला पंप रूमला गेलो, त्यांनी माझ्यासमोर टेस्टरवर लावलं, बाकीची नोझल धुक्यासारखा फवारा मारतात हे तर धार सोडत होतं आणि दांडा सोडल्यावरही टोकाला थेंब लोंबत होता. टिप बदलून दाब लावून दिला. काल बसवलं. आज सकाळी पाचला नाक चढाला, अर्धा सेल, आणि आरशात मागचा गडी घड उचलताना स्पष्ट दिसला.

पारोळा_डिझेल:
बाकीच्या तीन नोझलचीही टिप कापणी संपली की बघून घ्या, एकाच वयाची आहेत. आणि टॅपेट सेट करून किती दिवस झाले?

केळीपट्टा_रावेर:
कधीच नाही केले दादा. रविवारी करतो.