मदत हवी आहे: सीनिअर इयरचं सोपं वेळापत्रक कॉलेज प्रवेशाला नडेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो. लेक यंदा बारावीत, म्हणजे सीनिअर. शाळा पुढच्या आठवड्यात उघडतेय आणि काल तिचं वेळापत्रक पाहिलं: साधं इंग्लिश, गव्हर्नमेंट-इकॉनॉमिक्स, एपी (कॉलेजच्या पातळीचा अवघड कोर्स) स्टॅटिस्टिक्स, सिरॅमिक्स (मातीकाम), एक तास टीए (शिक्षकांच्या झेरॉक्स काढायच्या आणि उरलेला वेळ फोन बघायचा) आणि सहावा तास रिकामा. दुपारच्या जेवणानंतर थोड्याच वेळात बाईसाहेब घरी!

अकरावीत मात्र तिने जीव तोडून अभ्यास केलाय. एपी बायॉलॉजी, एपी कॅल्क्युलस एबी, एपी यूएस हिस्टरी, आणि ग्रेडही छान आहेत. केमिस्ट्री दहावीत झाली, फिजिक्स कधीच घेतलेलं नाही. बायॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थसाठी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) काही कॅम्पसना आणि दोन-तीन खासगी कॉलेजांना अर्ज करायचाय.

तिचं म्हणणं असं की यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढते ती दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून. अर्ज नोव्हेंबरअखेर जाणार, तेव्हा बारावीचं पहिलं सत्रसुद्धा संपलेलं नसतं. मग बारावीकडे बघतंय कोण? नवऱ्याला हे पटलंय. मी पडले लातूरची. बारावीत सिरॅमिक्स ही कल्पनाच माझ्या पचनी पडत नाही. पण इथली पद्धत वेगळी आहे हेही कळतं, म्हणून विचारतेय: माझी काळजी रास्त आहे की ही आपली देशी बारावीची धास्ती? आणि बदल करायचाच तर नेमका कुठला?

प्रतिसाद १

ताई, लेकीचं अर्धंच बरोबर आहे. बारावीचे ग्रेड यूसीच्या जीपीएत धरत नाहीत, खरंय. पण बारावीत कुठले विषय घेतलेत ते अर्जातच भरावं लागतं, आणि अर्ज तपासायच्या यूसीच्या १३ निकषांत बारावीच्या विषयांचा दर्जा हा स्वतंत्र निकष आहे. टीए आणि रिकामा तास वाचणाऱ्याला सरळ दिसतो.

खासगी कॉलेजांचं आणखी कडक. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच सामायिक अर्ज) शाळेच्या काउन्सेलरला सांगावं लागतं की तुमच्याच शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत हिचे विषय किती अवघड आहेत. म्हणजे तुलना शेजारच्या शाळेशी नाही, हिच्याच वर्गमैत्रिणींशी. शिवाय पहिलं सत्र संपलं की त्याच्या ग्रेडचा मिड-इयर रिपोर्ट कॉलेजांना जातो. लवकर केलेल्या अर्जाचा निर्णय डिसेंबरात लांबणीवर पडला तर तेच ग्रेड कामी येतात.

प्रवेश मिळाल्यावरही सुटका नाही. यूसीचा प्रवेश सशर्त असतो: बारावीत ३.० जीपीए आणि एकाही विषयात डी किंवा एफ नको.

मला सिरॅमिक्स खटकत नाही. खटकतं ते हे, की बायॉलॉजीला जाणाऱ्या मुलीकडे अख्ख्या वर्षात एकही सायन्स नाही, तेही फिजिक्स झालेलं नसताना. कॉलेजात बायॉलॉजीवाल्यांना फिजिक्स चुकत नाही. टीए काढा, फिजिक्स घाला. बाकी राहू द्या.

प्रतिसाद २

पोरीला जरा श्वास घेऊ द्या हो. एपी स्टॅटिस्टिक्स पब्लिक हेल्थला अगदी चपखल आहे, त्याला हात लावू नका. पाच-पाच एपी घेऊन नोव्हेंबरात कॉलेजच्या अर्जाचे निबंध लिहायला वेळ नसलेली मुलं आमच्या ओळखीत चिक्कार आहेत. निबंध हिला स्वतःलाच लिहायचेत, तो वेळ कुठून आणणार?

प्रतिसाद ३

रिकाम्या तासाचा उपयोग करायचा तर कम्युनिटी कॉलेज बघा. हायस्कूलच्या मुलांना तिथे फी जवळजवळ नसतेच, आणि यूसीला चालणारा एका सत्राचा कोर्स बहुतेक विषयांत हायस्कूलच्या वर्षभराइतका धरतात. फक्त एक लक्षात ठेवा: तिथला ग्रेड कायमचा नोंदीवर राहतो. आणि अर्ज भरल्यावर विषय बदलला किंवा सोडला तर यूसीला कळवावंच लागतं. गुपचूप सोडून दिला आणि जूनमध्ये उघडकीला आलं, तर प्रवेश जाऊ शकतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काउन्सेलर आणि अभ्यासक्रमाचा संबंध मला ठाऊकच नव्हता. लेकीला प्रतिसाद १ वाचून दाखवला. मिड-इयर रिपोर्टपाशी ती गप्प झाली, मग म्हणाली, "सिरॅमिक्स सोडणार नाही." मान्य! टीए जाणार, फिजिक्स येणार, सहावा तास निबंधांसाठी मोकळा.

आता अडलंय एवढंच: एपी फिजिक्स १ घ्यावं की साधं? कॅल्क्युलस झालंय, त्यामुळे गणित जड जाऊ नये, पण फिजिक्सची ओळखच नाही. शाळा सुरू झाल्यावर विषय बदलायला फार दिवस देत नाहीत. कुणाच्या मुलांनी पहिल्यांदाच फिजिक्स घेताना थेट एपी घेतलं असेल तर कृपया लिहा.