टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) टीएसकॉन्फिग (त्याच्या सेटिंग्जची फाइल) वाचतच नाही का?

अर्धविराम: टाइपस्क्रिप्ट 5.4, नोड 20, ‘@टाइप्स/नोड’ बसवलेलं आहे. टीएसकॉन्फिगमध्ये टार्गेट (जावास्क्रिप्टच्या कोणत्या आवृत्तीत उतरवायचं) ईएस2022, मॉड्यूल नोडनेक्स्ट आणि आउटडिर (आउटपुटचं फोल्डर) ‘डिस्ट’ आहे. ‘एनपीएक्स टीएससी एसआरसी/मेन.टीएस’ चालवलं की मॅपवरच्या (की-व्हॅल्यू जोड्यांच्या संग्रहावरच्या) फॉर-ऑफ लूपला एरर 2802 येते. तरी मेन.जेएस तयार होते, पण डिस्टमध्ये नाही, एसआरसीमध्येच! ती चालवली तर लूप आत शिरत नाही आणि नोड काही तक्रारही करत नाही.

कंसात_कंस: कमांडमध्ये फाइलचं नाव दिलं की टीएससी टीएसकॉन्फिगकडे बघत नाही. मग 5.4 चं मूळ टार्गेट लागू होतं, म्हणजे ईएस5, जावास्क्रिप्टची जुनी आवृत्ती. तिथे फॉर-ऑफचा साधा इंडेक्सवाला लूप होतो आणि तो ‘लेंग्थ’पर्यंत फिरतो. मॅपला ‘साइज’ असतो, ‘लेंग्थ’ नसते, म्हणून शून्य फेऱ्या. 2802 हेच सांगत होती. एरर आली तरी टीएससी जेएस लिहून मोकळा होतो, हा त्याचा मूळ स्वभाव. ‘नोएमिटऑनएरर’ ट्रू करा, म्हणजे एरर असताना जेएस लिहिलीच जाणार नाही. माझ्या मते हे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हवंच.

एसआरसीमधल्या जेएस फाइली आधी पुसा. मग नुसतं ‘एनपीएक्स टीएससी’, किंवा कॉन्फिग दुसरीकडे असेल तर ‘टीएससी -पी’ आणि तिचा पत्ता. नक्की काय लागू झालंय ते ‘--शोकॉन्फिग’ छापून दाखवतो.

रिकामी_ओळ: ‘रूटडिर’ही (मूळ फाइलींचं फोल्डर) ‘एसआरसी’ असं लिहून टाका. नाहीतर उद्या टेस्ट्सचं फोल्डर शेजारी आलं की सगळ्या फाइलींचं सामाईक मूळ वर सरकतं, आउटपुट डिस्ट/एसआरसी/मेन.जेएस होतं आणि स्टार्ट स्क्रिप्ट मोडते.

पॅकेज.जेसनमध्ये ‘टाइप: मॉड्यूल’ घालणार असाल तर इम्पोर्ट ‘./हेल्पर’ चालणार नाही, ‘./हेल्पर.जेएस’ लिहावं लागेल. हो, मूळ फाइल टीएस असली तरी जेएसच. टीएससी इम्पोर्टचा पत्ता जसाच्या तसा उतरवतो आणि नोड एक्स्टेन्शन शोधत बसत नाही. ‘पाथ्स’मधल्या (टीएसकॉन्फिगमध्ये इम्पोर्टच्या पत्त्यांना दिलेल्या) टोपणनावांचंही तेच: टाइप तपासताना चालतात, आउटपुटमध्ये मात्र बदलून मिळत नाहीत.

अर्धविराम: लूप चालला, धन्यवाद. रूटडिर आणि ‘इन्क्रिमेंटल’ (फक्त बदललेलंच पुन्हा बनवणारा पर्याय) दोन्ही घातलं. आता डिस्ट पुसून परत टीएससी चालवलं तर एरर नाही, पण डिस्टही नाही.

कंसात_कंस: प्रोजेक्टच्या मुळाशी टीएसकॉन्फिग.टीएसबिल्डइन्फो पडली असेल. तिच्या नोंदीनुसार काहीच बदललेलं नाही, मग टीएससी कशाला लिहील? डिस्टसोबत तीही पुसा. किंवा ‘टीएसबिल्डइन्फोफाइल’ने तिची जागा डिस्टच्या आत द्या, म्हणजे एकाच वेळी दोन्ही जातील. ‘टीएससी -बी --फोर्स’नेही सगळं नव्याने लिहिलं जातं. मात्र नाव बदललेल्या टीएस फाइलची जुनी जेएस डिस्टमधून कुठलाच पर्याय काढत नाही, त्यासाठी फोल्डर पुसणंच आलं.