मदत हवी आहे: आमची गोधडी म्हणजे दानधर्म नाही, हे लोकांना कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

वाई तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही चौदा जणी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतो. शिवणाऱ्या आम्हीच आणि मालकही आम्हीच. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून हा चर्चेचा धागा मी काढतेय.

मागच्या हिवाळ्यात पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. एका बाईंनी गोधडी उलगडली, टाक्यांवरून हात फिरवला आणि पाचशेची नोट काढून म्हणाल्या, "गोधडी राहू दे, हे ठेवा. तेवढीच तुमच्या बायकांना मदत." स्टॉलवर आमच्या सत्तरीच्या काकू होत्या. त्यांनी नोट परत दिली. "ताई, आवडली असली तर गोधडी न्या. नुसते पैसे नकोत." त्या ताई नाराज होऊन गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणूनच मला जास्त लागलं. आणि "बचत गटाचं ना? मग एवढं महाग कसं?" हे तर दिवसातून दहादा ऐकावं लागतं.

हिशेब सांगते. हाताने शिवलेली डबल गोधडी ३,२०० रुपये. घरचं उरकून दोघी बसल्या तरी दहा दिवस जातात. त्यात २,००० शिवणाऱ्यांची मजुरी, ६०० अस्तर, दोरा, धुलाई आणि प्रवासाचे, उरलेले ६०० गटाच्या फंडात. फंडातून पुढचा माल येतो. यंदा जूनमध्ये तिघींच्या मुलांची फी त्यातूनच बिनव्याजी उचल देऊन भरली. म्हणजे नफा आहे, पण तो कशाला वापरायचा हे आम्ही सगळ्या बसून ठरवतो. मला लोकांना एवढंच सांगायचंय, आणि गर्दीच्या स्टॉलवर तेच जमत नाही.

आमच्यासारख्या कामाला म्हणायचं काय, त्या शब्दापासूनच अडतं. 'सामाजिक उपक्रम' म्हटलं की लोकांना रक्तदान शिबिर आठवतं. 'सामाजिक उद्योग' म्हटलं की विचारतात, "म्हणजे एनजीओ का?" लिज्जत पापड घरोघरी आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण पापड लाटणाऱ्या भगिनीच तिथल्या मालक आहेत, नफा-तोटा त्यांचाच, हे किती जणांना माहीत असतं?

एका ओळखीच्या मुलाने सुचवलं, बायकांच्या दुःखाचे व्हिडिओ करा, खूप बघितले जातील. बैठकीत एक जण म्हणाली, "माझा नवरा गेला, ते गोधडीवर कशाला लिहायचं?" तिथेच तो विषय संपला.

गोधडीला चिठ्ठी लावून वरचा हिशेब छापावा का? मजुरी दिसली की गिऱ्हाईक त्यावरच घासाघीस करेल, अशी काही जणींना भीती वाटते. कुणी करून बघितलंय का? आणि आमच्या अशा कामाला साधा, बोलीतला शब्द कोणता?

प्रतिसाद:
ताई, हिशेब जरूर छापा. पण नुसतं वाचून लोकांच्या लक्षात राहत नाही. आमच्या पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असं त्यांनी घरोघर सांगितलं, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना पुडी उघडावी लागत नाही. तो ठिपका काढायला लागल्यावर आमच्या घरी पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल बोलणं झालं. तुम्हीही लोकांना काहीतरी करायला द्या. आजीच्या साड्या आणा, आम्ही गोधडी शिवून देतो, असं सांगून बघा. दहा दिवस वाट बघणारा माणूस मजुरीवर घासाघीस करणार नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. रविवारच्या बैठकीत मांडते. जरीच्या साडीतून सुई नीट जात नाही, त्यामुळे सुतीच आणा असं सांगावं लागेल. विरलेली साडी चालते, ती आत घालता येते. शब्दाचं मात्र अजून अडलेलंच आहे, कुणाला सुचला तर नक्की लिहा.