सायटेशनला मराठीत काय म्हणावं?

दुभाष्या: एका स्मरणिकेसाठी राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राच्या सायटेशनचा, म्हणजे पदकासोबतच्या शौर्याच्या अधिकृत वर्णनाचा, तर्जुमा करतोय. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता. उखळी तोफांच्या माऱ्यात जखमी होऊनही राणे सुरुंग काढत राहिले. पुढे रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत वाट काढून दिली. मजकूर जमला, शीर्षक अडलं. 'मानपत्र' लिहिलं तर संपादिका म्हणतात, ते शाल-श्रीफळाबरोबर देतात.

खडूस_मास्तर: 'प्रशस्तिपत्र' आहे की.

दुभाष्या: ते चित्रकला स्पर्धेतही मिळतं हो.

बारावा_मावळा: शौर्यवृत्त!

खडूस_मास्तर: भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित आणि शौर्यवृत्त. गण कोणते, तेही सांगा.

फौजीची_लेक: बाबांच्या पलटणीत सगळे सायटेशनच म्हणायचे. तेच ठेवा. फक्त स्मरणिकेत 'मरणोपरांत' येऊ देऊ नका. राणे हयात होते, पण यशवंत घाडग्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस (इटली, १९४४) मरणोत्तर. 'मरणोपरांत' हिंदी बातम्यांतून घुसलंय.

काळी_नदी: उपरांत परका कसा? आमच्या कोकणीत रोजचा शब्द आहे. आणि राणे कारवारकडचेच!

खडूस_मास्तर: कोकणीत असेल. मराठीत मरणोत्तरच. आणि 'शहीद' तर नकोच, हुतात्मा म्हणा.

काळी_नदी: मग फौज, शिपाई, तोफ, जखमी हेही काढा. लढाई मुक्यानेच करावी लागेल.

फौजीची_लेक: सरकारी कागदांत सैनिकासाठी शहीद नाहीच, तसं संसदेतही सांगितलंय. पण हुतात्मा म्हटलं की मला संयुक्त महाराष्ट्र आणि फ्लोरा फाउंटनच दिसतं, सीमा नाही.

बारावा_मावळा: बखरीतलं 'कामास आले' घ्या ना! किती मोजकं, रडारड नाही.

खडूस_मास्तर: आज वाचणारा विचारेल, कुणाच्या कामास? त्यापेक्षा 'धारातीर्थी पडले'.

काळी_नदी: धार तलवारीची. सुरुंगाला कसली धार, मास्तर?

दुभाष्या: मंडळी, राणे १९९४पर्यंत हयात होते. मला फक्त शीर्षक हवंय.

बारावा_मावळा: थांबा हो जरा. मास्तर, धारा म्हणजे पाण्याची धार नाही का? तीर्थ आहे म्हणजे पाणी आलंच.

खडूस_मास्तर: नाही! खड्गधारा. कोश उघडा.

काळी_नदी: कोणता कोश? तुमच्या आवडीचा?